दाराची खुबी

दार उचललं तसं ते वर चौकटीवर ठक्कन आपटलं आणि तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताची बोटं दाराच्या मुठीखाली अडकवलेली, किल्ली कुलपात फिरवून झालेली, आणि दार काही जागचं हलायला तयार नाही. आपण चुकून खालच्याच मजल्यावर थांबलो की काय, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं दारावरची पाटी पाहिली. पाटीचा उखडलेला कोपरा टाचणी मारून बसवलेला होता, म्हणजे घर नक्की आपलंच. तिनं पुन्हा उचललं, पुन्हा ठक्क. मग कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि जिन्यात दुसरं कुणी नसतानाही ती ओशाळली. सुतार आदल्याच दिवशी दार दुरुस्त करून गेला होता. तो काम करत होता तेव्हा ती तिथेच उभी होती, त्याला चहा तिनंच दिला होता, भुसा तिनंच झाडून काढला होता. तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिच्या हाताला. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं, तो बिचारा नेहमीसारखा जुन्या दारापाशी येऊन उभा राहिला होता. तिनं मूठ सोडली, तळवा दारावर टेकवला आणि नुसतं ढकललं. दार उघडलं. आवाज नाही, कुरकुर नाही, काही नाही. परक्याच्या घरात शिरताना होतं तसं तिला झालं आणि ती पिशवी घेऊन उंबऱ्यातच जरा वेळ उभी राहिली.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही हे दार खाली बसलेलंच होतं. वरची बिजागरी सैल, तिच्या स्क्रूंची भोकं झिजून मोठी झालेली, त्यामुळे अख्खं दार आपल्या वजनानं एका अंगाला कललेलं. कुलूप काढलं तरी कुलपाची जीभ खाचेत अडकून राहायची. मग मुठीखाली बोटं घालून दार बोटभर उचलायचं, उचललेलं तसंच धरायचं, एक श्वास थांबायचं आणि मग ढकलायचं. घाई केली की जीभ पुन्हा अडकायची आणि पहिल्यापासून सुरुवात. पाहुण्यांची तर फजितीच व्हायची. निरोप घेऊन उठलेला माणूस दाराशी झटापट करत उभा राही आणि शेवटी हसत हसत परत येऊन बसे, मग दुसरा चहा टाकावा लागे. नवऱ्याला या खुबीचा कोण अभिमान. "आपल्याकडे चोर येणार नाही," तो म्हणायचा. "आणि आला तरी बाहेरच राहील. उचलून धरायचं हे त्याला सांगणार कोण?" नव्या नवरीला त्यानं घर दाखवलं ते असंच, एकेका वस्तूची खोड सांगत. पंख्याच्या बटणात काडेपेटीची काडी खोचायची. कपाट उघडायचं असेल तर आधी खालचा खण ओढायचा. भिंतीवरचं घड्याळ सरळ लावलं की बंद पडतं, तेव्हा ते वाकडंच राहू द्यायचं आणि बघणाऱ्यानं मान वाकडी करायची. स्वयंपाकघरातला नळ शिट्टी वाजेपर्यंत पुरा फिरवायचा आणि मग किंचित मागे आणायचा, तर धार सरळ पडते, नाहीतर बाहीपर्यंत भिजायला होतं. "अहो, पण हे सगळं बिघडलंय," ती म्हणाली होती. तो चकितच झाला. "बिघडलं कुठे? स्वभाव आहे तो. समजून घ्यायचा."

लोक त्याला खटपटे म्हणायचे. हातात सदा पकड नाहीतर पान्हा, आणि दुरुस्त मात्र काही करायचा नाही. वस्तू आणि माणूस यांच्यात काहीतरी समेट घडवून आणायचा आणि हात झटकून उठायचा. समोर नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीला ते आडनावच वाटलं. ती इतक्या आदरानं "खटपटे वहिनी" म्हणायला लागली की तिला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही, आणि पुढे पुढे ते तसंच चालू राहिलं. गंमत म्हणजे खटपट्यांच्या या बायकोचं पोट भरत होतं ते दुरुस्तीवरच. ती एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत रफू करायची. कोट, शाली, महागातल्या साड्या. कुठे सिगारेटचं भोक, कुठे खिळ्याला लागून फाटलेलं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून घ्यायचा, आधी उभे भरायचे, मग आडवे एकाआड एक विणत जायचं. भोक कुठे होतं हे गिऱ्हाइकाला स्वतःला सापडेनासं झालं की काम फत्ते. "तू पुसून टाकतेस," नवरा चिडवायचा, "मी सांभाळून घेतो." तिला राग यायचा. घर त्याच्या सांभाळून घेण्यानं भरलेलं आणि ती मात्र ओल्या बाहीनं स्वयंपाक करतेय. पण खोटं कशाला बोला, घर हाताच्या सवयीचं झालं होतं. अंधारातसुद्धा कुठलीही वस्तू तिच्याशी अडून बसत नसे.

आणि दाराचं तर वेगळंच. घरात बसून, मान वर न करता कळायचं की कोण आलं. मुलगा दाराला खालून गुडघा द्यायचा, मग एकच धडाम. ती स्वतः दोन्ही हात लावायची, मग एक लांबट, दमलेला आवाज. नवऱ्याचा सगळ्यांत सोपा. तो एकाच बोटाचा आकडा करून मुठीखाली घालायचा. ठक. मग श्वासभर शांतता. मग दार जमिनीवरून सरकल्याची सुर्र. त्या शांततेत तो बाहेर काय करत असे कोण जाणे; तिला नेहमी वाटायचं, तो गालातल्या गालात हसत असणार. मग बूट न काढता तडक स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिणार. नळाची शिट्टी, मग ती किंचित मागे. "आधी बूट काढा हो," ती बसल्या जागेवरून ओरडायची, आणि त्याचं आधीच अर्धं पाणी पिऊन झालेलं असायचं. घरात या दाराचा एक कायदा होता आणि तो मात्र थट्टेचा नव्हता. मुलगा लहान असताना एकदा बाहेरून नवरा दार उचलत होता आणि बाबा आले म्हणून पोरगं आतून मूठ ओढायला धावलं. दार उचललेलं, मधेच सुटलं, आणि त्याचं बोट फटीत सापडलं. त्याची किंकाळी तिला अजून ऐकू येते. नख गेलं, नवं आलं ते वाकडं. त्या दिवशी नवरा कधी नव्हे तो पांढराफटक पडला होता. तेव्हापासून ठरलं : जो बाहेर आहे त्यानंच दार उघडायचं. आतल्यानं हात लावायचा नाही, मागे सरून उभं राहायचं. आणि बाहेरच्याला आतून कुणाचा हात लागल्याचं जाणवलं की त्यानं तिथल्या तिथे सोडून द्यायचं आणि दूर व्हायचं. हा कायदा नवऱ्यानं कधीही मोडला नाही. मुलाला स्वतःचा मुलगा झाला तरी मोडला नाही.

शेवटी बिजागरी आणायचं त्याच्याच मनानं घेतलं होतं. गुडघे दुखायला लागले तसं तिला दार उचलवेना. एक दिवस ती बराच वेळ जिन्यात अडकून राहिली आणि तो बाहेरून आला तेव्हा पायरीवर बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी टोपी घालून निघाला. "नवी बिजागरी आणतो. बसवून टाकू एकदाची." तिला हसूच आलं होतं. "तुम्ही? आणि बसवणार?" "बघच तू," म्हणाला. हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या हातात घेऊन, उघडमीट करून, कानाशी नेऊन त्यानं एक निवडली, कागदात बांधून घेतली, आणि जरा बसतो म्हणून तिथल्या स्टुलावर टेकला. दुकानदाराला वाटलं डुलकी लागली. संध्याकाळी ज्या वस्तू तिच्या हातात आल्या त्यांत चष्मा होता, किल्ल्या होत्या, टोपी होती आणि कागदात बांधलेली ती बिजागरी होती. किल्ल्या तिनं दाराजवळच्या खुंटीला लावल्या. बिजागरी फळीवर ठेवली, ती तिथेच राहिली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मग मुलानं ठरवलं की आईनं एकटं राहायचं नाही, आमच्याकडे यायचं, आणि घर भाड्यानं द्यायचं. त्याचं काही चूक नव्हतं. सूनही प्रेमानं बोलली, खोलीचा रंग कुठला हवा तेसुद्धा विचारलं. पण अशा घराला भाडेकरू कुठला मिळायला? म्हणून सुतार आला. फळीवरची बिजागरी त्यानं उघडून मिटून पाहिली आणि म्हणाला, "माल एक नंबर आहे. ज्यानं निवडली त्याला कळत होतं." मग जुनी भोकं त्यानं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, दार उतरवलं, नवी बिजागरी बसवली, दार चढवलं. दुपारी सुरू केलेलं काम चहाच्या वेळेला संपलं. इतकी वर्षं एवढ्याशा कामासाठी गेली.

तिच्या हाताला नवं दार शिकायला थोडे दिवस लागले, पण शिकला. तो शिकला आणि मग ते सुरू झालं. दिवे लावायची वेळ होती. ती खिडकीशी बसून एका करड्या कोटाची बाही भरत होती, अजून उजेड होता म्हणून दिवा लावला नव्हता. दाराशी आवाज झाला. ठक. तिची सुई थांबली. मग श्वासभर शांतता, आणि त्या शांततेत तिचं सगळं अंग पुढच्या आवाजाची वाट बघत राहिलं, सुर्र होण्याची. ती झाली नाही. पुन्हा ठक. पुन्हा शांतता. मुलगा असेल, असं ती मनाशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ठाऊक होतं की मुलाचा हा आवाज नव्हे. हा गुडघ्याचा नव्हता, दोन हातांचा नव्हता. एका बोटाचा होता. ती उठली, गुडघ्यांनी वेळ लावला, दारापाशी गेली, मुठीला हात लावला, आवाज बंद. उघडून पाहिलं तर जिना रिकामा. कठड्यावर कुणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी, सगळं रोजचं. तिनं सहज बाहेरच्या मुठीवरून हात फिरवला. पितळ गार होतं. मग तिनं बोटं मुठीच्या खाली घातली. खालून ती कोमट होती, बोटाच्या रुंदीएवढीच. ती आत आली, दार लावलं, आणि पहिल्यांदा खुंटीकडे पाहिलं. त्याच्या किल्ल्या जागेवर होत्या. कोटाची बाही त्या दिवशी पुढे गेली नाही.

असं काही घडलं की माणूस आधी भिंती तपासतो, मग स्वतःचं डोकं. तिनं दोन्ही तपासलं. लाकूड आहे, हवेनं फुगतं, नवं काम बसायला वेळ घेतं, हे मुलगा फोनवर म्हणाला ते तिनं मनापासून पटवून घेतलं. संध्याकाळी आवाज आला की ती मोठ्यानं म्हणायची, "फुगतंय." एकदा रेडिओ मोठा लावून बसली. आवाज रेडिओखालून आला, तसाच धीरानं. घाई नाही, राग नाही. त्याचं हेच तिला सोसवत नव्हतं. त्यानं दार बडवलं असतं, तर ती घाबरून समोरच्यांकडे तरी पळाली असती. पण हा आपला उचलतोय, थांबतोय, सोडतोय. आपलंच काहीतरी चुकतंय अशा समजुतीनं पुन्हा उचलतोय. खुबी त्याची, दार त्याचं, आणि जमत नाही म्हटल्यावर त्याला किती अपमान वाटत असेल. मग ती स्वतःवरच चिडायची. मेलेल्या माणसाचा कसला अपमान? आणि हा विचार मनात आला म्हणून तिला लाजही वाटायची. भीती होतीच. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो तो दाराबाहेर उभा आहे आणि आपल्याला भीती वाटते, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. आत आला तर काय आत येईल? टोपी घातलेला, दमलेला, पाणी मागणारा तोच? की फक्त ते बोट?

जिन्यात शेजारीण भेटली. "खटपटे वहिनी, काल दार अडकलं होतं का हो तुमचं? बराच वेळ खडखड चालली होती. म्हटलं वहिनी बाहेर अडकल्या वाटतं, मदतीला जावं. पण मी हात पुसून दार उघडेस्तोवर थांबलं."

"किती वाजता?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं उगाच विचारलं.

"संध्याकाळीच की. नवीन दार ना तुमचं? मग असं कसं?"

"बसतंय अजून," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. काल संध्याकाळी ती घरातच होती, पलंगावर पाय वर घेऊन. आता निदान डोक्याचा प्रश्न मिटला होता. पण त्यानं तिला हायसं काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून ती दार सताड उघडं ठेवायला लागली. यायचंय तर या, असं. खुर्ची दारासमोर ओढून बसायची. पण उघड्या दाराकडे तो फिरकला नाही. समोरच्यांची मांजर आली, पाव विकणारा डोकावून गेला, शेजारीण "गरम होतंय का वहिनी?" असं विचारून गेली. जिन्यात कुणीतरी थांबलंय, वळणावर, दिसणार नाही इतकंच मागे, असं मात्र तिला एकसारखं वाटत राहिलं. मग तिला कायदा आठवला. बाहेरच्यानंच उघडायचं. तिनं मुठीला हात लावला रे लावला की तो मागे सरतोय. तिनं उघडून ठेवलेल्या दारातून तो कसा येईल? मुलाचं बोट त्याला दिसत असणार. म्हणजे दार बंद पाहिजे, कुलूप काढलेलं पाहिजे, आतून हात नाही पाहिजे, आणि ते त्याला बाहेरून उचलता आलं पाहिजे. या हिशेबात शेवटचीच एक गोष्ट बसत नव्हती. एका सकाळी तिनं नवऱ्याचा स्क्रू पिळायचा पेचकस काढला, स्टुलावर चढली आणि बिजागरीचे स्क्रू सैल करायला लागली. जुनी भोकं, जुनं कललेलं दार, जुनी जीभ, सगळं पूर्ववत करायचं. आयुष्यभर भोकं बुजवली, एक उसवायला काय लागतं? पण सुतारानं काम चोख केलं होतं. स्क्रू तसूभर हलले नाहीत, पेचकस निसटला आणि तिच्याच तळव्यात घुसला. ती स्टुलावर बसून राहिली, तळव्याला फडकं गुंडाळून. स्टुलावर बसल्याचं लक्षात आलं तशी घाईघाईनं उठली.

सुतार स्वयंपाकघरातली फळी बसवायला परत आला तो उंबऱ्यातच थबकला. मान वर करून चौकट बघत राहिला. "ताई, हे काय?"

ती जवळ गेली. चौकटीच्या वरच्या अंगाला, नव्या रंगात, खोलगट ठसे होते. एकावर एक, एकाच जागी.

"दार उचलता तुम्ही?"

"पहिल्या दिवशी उचललं होतं. सवयीनं."

"एकदा उचलून असं होत नसतंय. रंग गेला, लाकूड चेपलंय, हात घालून बघा. कुणीतरी रोज उचलतंय. आणि जोर आहे हां त्याच्यात." तो बिजागरीकडे वळला, बोटानं तपासली. "अहो, उचललं की जीभ वरच्या बाजूला अडकणार, दार उघडणारच नाही. आधी उचलल्याशिवाय उघडत नव्हतं, आता उचललं तर उघडणार नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा ना. आता उचलायचं नाही, नुसतं ढकलायचं. एक जण जरी सांगायचा राहिला ना, तरी तो माझं काम खलास करणार."

"सगळ्यांना माहितेय," ती म्हणाली.

"मग ठीक आहे. नळ पण वाजतोय तुमचा. प्लंबरला पाठवू?"

"नको," ती एवढ्या पटकन म्हणाली की सुतार बघतच राहिला. "नळ राहू दे."

मुलगा सामान बांधायला आला तेव्हा खोकी रचता रचता तिनं विचारलं, "तुला बाबांचं दार उघडणं आठवतं का रे?"

तो हसला. मान वर न करता त्यानं खोक्यावर एका बोटानं वाजवलं. ठक. थांबला. मग तळवा पुठ्ठ्यावरून सरकवला, सुर्र. थांबला होता ते अगदी तेवढंच थांबला होता, एका श्वासाचं. वाकड्या नखाचं बोट तिथेच राहिलं आणि त्याचं हसू गेलं. दोघंही त्या खोक्याकडे बघत राहिली. "का गं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. असंच."

"आई, शेजारच्या काकू म्हणत होत्या, तू दार उघडं टाकून बसतेस." तो तिच्याजवळ येऊन बसला, तिचा फडकं बांधलेला हात त्यानं हातात घेतला. "आई, बाबा गेलेत. तुला कळतंय ना?"

"मला कळतंय रे," ती म्हणाली. "मला कुणीतरी सांगितलं ना. तू सांगितलंस, डॉक्टरांनी सांगितलं, दुकानदारानं सांगितलं." पुढचं वाक्य तिच्या तोंडात आलं आणि तिनं ते गिळलं. मुलाचे डोळे भरून आले होते आणि त्याला आणखी काळजीत टाकण्यात काही अर्थ नव्हता. रविवारी निघायचं ठरलं.

रविवारी दुपारपासून घर ओळखू येईनासं झालं. पलंग गेला, कपाट गेलं, घड्याळाच्या जागी भिंतीवर एक वाकडा चौकोन राहिला. भाडेकरू दुसऱ्या दिवशी येणार होते. नवराबायको आणि एक बाळ. ती रिकाम्या खोलीत शेवटच्या खोक्यावर बसून त्यांचाच विचार करत होती. संध्याकाळी त्यांच्या दाराशी ठक होईल. ते म्हणतील हवा आहे. मग सुताराला बोलावतील, कुलूप बदलतील, वर पट्टी ठोकतील. आणि हा उचलत राहील. वर्षानुवर्षं उचलत राहील, आणि आत तान्हं बाळ दचकून रडेल, आणि त्या रडण्यानं हा हात काढून घेऊन मागे सरेल, बोट सापडलं की काय म्हणून. तिला आता भीती वाटत नव्हती असं नाही, पण भीतीच्या वर आता काहीतरी आलं होतं. आपण त्याला असंच टाकून निघालोय, हे तिला स्वच्छ दिसलं. मुलगा एक खोकं खांद्यावर घेऊन म्हणाला, "हे गाडीत लावून येतो. मग तुला घेऊन निघू. त्या किल्ल्या पण घे." त्यानं जाताना दार लोटून घेतलं. दार बसल्याचा आवाज नाही झाला. खुंटीवर दोन जुडगे होते, तिचा आणि नवऱ्याचा. ती दोन्ही काढायला उठली आणि तेवढ्यात ते आलं.

ठक.

ती दारापासून हातभर अंतरावर होती. इतक्या जवळून तिनं कधी ऐकलं नव्हतं. दार सगळंच्या सगळं किंचित वर झालं, खालच्या फटीतून जिन्यातल्या उजेडाची रेघ जाड झाली, आणि त्या उजेडात दोन काळे डाग होते, बुटांच्या अंतरावर. मग एक श्वास. तो श्वास तिला ऐकू आला की तो तिचाच होता, हे तिला ठरवता येईना. दार खाली आलं. पुन्हा वर गेलं. ठक. तिचा हात आपोआप मुठीकडे गेला आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागे ओढला. सांगून ठेवा ना सगळ्यांना. हात शिकला, मुलगा शिकला, सुनेला सांगितलं, शेजारीणसुद्धा बघून शिकली. राहिला तो एकटा. टोपी घालून बिजागरी आणायला गेला, आणि ती बसवलेली बघायला काही परत आला नाही. त्याला कोण सांगणार होतं?

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिनं पुन्हा म्हटलं. "अहो. उचलू नका."

वर गेलेलं दार वरच थांबलं.

"उचलू नका आता. बसवली बिजागरी. तुम्ही आणलेलीच बसवलीय. आता उचलायचं नाही, नुसतं ढकलायचं." तिनं कुलूप आतून फिरवलं आणि झटकन हात काढून घेतला. "माझा हात नाही दाराला. मी मागे सरलेय. कुणाचंच बोट नाही. ढकला."

ती मागे सरली. खोलीच्या मधोमध आली आणि दाराकडे पाठ करून, घड्याळाच्या वाकड्या चौकोनाकडे बघत उभी राहिली. दार हळूच खाली आल्याचं तिला जाणवलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि तिला रडू यायला लागलं, कारण दुरुस्त केलेलं दार उघडलं की नाही हे ऐकून कळायला आता मार्गच नव्हता. इतकी वर्षं ज्या आवाजांना ती वैतागली ते एकेक करून तिनं घालवले होते. मग तिच्या मानेला जिन्यातली गार हवा लागली. ती तशीच उभी राहिली. तिच्या बाजूनं काही गेलं असेल तर ते तिला न लागता गेलं.

स्वयंपाकघरात नळाची शिट्टी वाजली. पुरी वाजली आणि मग किंचित मागे आली, आणि धार सरळ पडायला लागली. ओट्यावर एकच पेला ठेवलेला होता, वाटेत तिला प्यायला म्हणून. तो पेला भरताना आवाज चढत चढत वर गेला.

"आधी बूट काढा हो," ती म्हणाली.

खाली मुलानं गाडीचा हॉर्न वाजवला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. ती वळली. दार माणूस येईल इतकं उघडं होतं. तिनं तळवा टेकून ते लोटलं, आतून कडी घातली, आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.